जुना गेम, नवा मॉनिटर: बिघडलेलं चित्र कसं सुधारायचं

साधारण १९९५ ते २००५ या काळातले विंडोजचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर लावले, की आवाज नीट येतो, माउसही हलतो, पण चित्र मात्र बिघडलेलं असतं. गवत जांभळं दिसतं, पाणी लाल दिसतं, माणसं आडवी ताणलेली दिसतात, नाहीतर सरळ काळी स्क्रीन येते. अशा वेळी नवखा माणूस आयकॉनवर राइट क्लिक करून ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅबमधल्या सगळ्या चौकोनांवर टिक करून मोकळा होतो. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. चित्र बिघडण्याची कारणं मोजकीच आहेत आणि प्रत्येकाचं लक्षण वेगळं आहे. त्यामुळे आधी लक्षण ओळखायचं आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

हा लेख मुख्यतः विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. डॉसचे गेम आणि लिनक्स यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे. फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. कॉम्प्युटरवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत दिसतील.

हात लावण्याआधी

गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये असेल तर तो तिथून हलवा. सी किंवा डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं साधं फोल्डर करा आणि गेम तिथे इन्स्टॉल करा. व्हिस्टापासून विंडोज कुठल्याही सामान्य प्रोग्रॅमला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहू देत नाही. जुना गेम तिथे सेटिंग लिहायला गेला, की विंडोज ती फाइल गुपचूप तुमच्या खात्यातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. मग तुम्ही एक आयएनआय फाइल (सेटिंगची साधी मजकूर फाइल) बदलत बसता आणि गेम दुसरीच वाचत असतो. ‘सेटिंग बदललं तरी फरक पडत नाही’ अशा तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत फाइलनेम एक्स्टेन्शन दिसण्याची सोय चालू करा. पुढे एकाच नावाच्या डीएलएल (गेमला लागणारे कोडचे तुकडे), आयएनआय आणि ईएक्सई (प्रत्यक्ष चालू होणारा प्रोग्रॅम) फाइली शेजारी शेजारी असतील. शेपटी दिसत नसेल तर कोणती कोणती ते कळणार नाही.

आता गेम कोणत्या तंत्रावर चालतो ते पाहा. फोल्डरमध्ये ‘डॉस४जीडब्ल्यू’ नावाची फाइल असेल तर तो डॉसचा गेम आहे आणि त्याचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. विंडोजचा सपाट, वरून पाहायचा किंवा बाजूने पळायचा गेम असेल, म्हणजे एज ऑफ एम्पायर्स (१९९७), क्लॉ (१९९७), स्टारक्राफ्ट (१९९८) या जातीचा, तर तो डायरेक्टड्रॉवर, म्हणजे विंडोजच्या डायरेक्टएक्स या संचातल्या सपाट चित्रांच्या भागावर चालतो. त्रिमितीय गेम असेल तर त्याच संचातलं डायरेक्ट थ्रीडी, किंवा नव्वदच्या दशकातल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डांसाठीचं ग्लाइड. सीडीवरच्या ‘रीडमी’ फाइलमध्ये ‘डायरेक्टएक्स ५ आवश्यक’ अशी ओळ बहुधा सापडते. ती आवृत्ती कागदावर टिपून ठेवा, पुढे लागेल.

डबल क्लिक केल्यावर काहीच होत नसेल तर तो चित्राचा प्रश्न नाही. अनेक सीडींवरचं सेफडिस्क हे कॉपी-संरक्षण ज्या ड्रायव्हरवर चालायचं तो विंडोज १० मध्ये नाही. अशी सीडी तिथे चालू होतच नाही आणि साधा एरर मेसेजही देत नाही. त्या गेमची जीओजीसारख्या दुकानात मिळणारी संरक्षणाशिवायची आवृत्ती घेणं हाच सरळ मार्ग. विंडोज ‘डायरेक्टप्ले’ (नेटवर्कवर खेळण्यासाठीचा जुना भाग) हवं असल्याचं सांगत असेल तर ‘विंडोज फीचर्स’मध्ये जाऊन ‘लेगसी कम्पोनंट्स’ उघडा आणि त्याखालच्या डायरेक्टप्लेवर टिक करा. त्यानं चित्र सुधारत नाही, पण त्याशिवाय काही गेम पुढेच सरकत नाहीत.

रंग बिघडलेत: २५६ रंगांचा घोळ

त्या काळच्या सपाट गेममध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी एकच बाइट असायचा. त्यात रंग नसायचा, फक्त ० ते २५५ मधला एक क्रमांक असायचा. क्रमांक ३७ म्हणजे कोणता रंग, हे ‘पॅलेट’ नावाच्या वेगळ्या यादीत लिहिलेलं. खडूच्या पेटीत खडूंच्या जागा कुणी बदलल्या आणि मुलानं मात्र ‘तिसरा खडू, सातवा खडू’ असं मोजून चित्र रंगवलं, तर जे होईल तेच इथे होतं. आकार अगदी बरोबर असतात, रंग मात्र भलतेच. व्हिस्टा आणि विंडोज ७ वर डेस्कटॉप चालवणारा एक्स्प्लोरर हा प्रोग्रॅम मध्येच पॅलेटच्या काही जागा बळकावायचा. म्हणून त्या काळी लोक गेम लावण्याआधी टास्क मॅनेजरमधून एक्स्प्लोरर बंद करायचे.

विंडोज ८ पासून डेस्कटॉपचं चित्र कायम डीडब्ल्यूएम या थरातून जातं. ८ बिट आणि १६ बिट रंग तिथे खरे नसतात, त्यांची नक्कल केली जाते. कम्पॅटिबिलिटी टॅबमधलं ‘रिड्यूस्ड कलर मोड’ याच नकलेला हाक मारतं. काही गेमना ते पुरतं, पण बऱ्याच गेमचा वेग त्यामुळे इतका पडतो की माउसचा बाण अडखळत चालतो. म्हणून सपाट गेमसाठी आमचा पहिला सल्ला कम्पॅटिबिलिटीचा नाहीच. ‘सीएनसी-डीड्रॉ’ हा छोटा रॅपर, म्हणजे गेम आणि विंडोज यांच्यामध्ये बसणारा दुभाषा, वापरा. मुळात तो कमांड अँड कॉन्कर या मालिकेसाठी लिहिला गेला. आता तो शेकडो गेमना चालतो आणि फुकट आहे.

तो कसं काम करतो ते समजलं तर पुढच्या अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात. गेमला ‘डीड्रॉ.डीएलएल’ ही फाइल लागते. विंडोज ती आधी गेमच्या ईएक्सईशेजारी शोधतं आणि तिथे नसेल तरच स्वतःच्या सिस्टीम फोल्डरमध्ये जातं. आपण ईएक्सईशेजारी त्याच नावाची दुसरी फाइल ठेवायची. गेम तिच्याशीच बोलतो. ती पॅलेट स्वतः सांभाळते, प्रत्येक क्रमांकाचा खरा रंग काढते आणि तयार चित्र ओपनजीएल किंवा डायरेक्ट थ्रीडी ९ मधून स्क्रीनवर टाकते. विंडोजच्या नकलेचा संबंधच उरत नाही.

पायऱ्या अशा:

१. कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये आधी केलेल्या सगळ्या टिका काढा. दोन उपाय एकमेकांवर चढले की निदान अशक्य होतं.

२. गिटहबवरच्या प्रकल्पाच्या अधिकृत ‘रिलीजेस’ पानावरून झिप उतरवा. नुसत्या डीएलएल फाइली वाटणाऱ्या संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नका. अशा रॅपरवर अँटीव्हायरस कधी कधी संशय घेतो, त्यामुळे फाइल मूळ जागेवरूनच आली आहे याची खात्री असलेली बरी.

३. झिप उलगडून सगळ्या फाइली गेमच्या ईएक्सईशेजारी टाका. इथे नेमकं ‘शेजारी’ म्हणजे चालू होणाऱ्या खऱ्या ईएक्सईशेजारी. एज ऑफ एम्पायर्स २ च्या ‘द कॉन्करर्स’ या २००० सालच्या पुरवणीची ईएक्सई ‘एज२_एक्स१’ या आतल्या फोल्डरमध्ये असते. डीएलएल बाहेरच्या फोल्डरमध्ये टाकली तर काहीच बदल होत नाही.

४. विंडोजच्या ‘सिस्टीम३२’मध्ये ही फाइल कधीही टाकायची नाही. एका गेमची दुरुस्ती करताना बाकीचे सगळे बिघडवाल.

५. सोबत आलेला ‘सीएनसी-डीड्रॉ कॉन्फिग’ हा प्रोग्रॅम उघडा. सुरुवातीला बॉर्डरलेस प्रकार निवडा, गुणोत्तर राखण्याचा पर्याय चालू करा, बाकी काही बदलू नका. गेम चालवून पाहा.

हीच सेटिंगं ‘डीड्रॉ.आयएनआय’मध्ये हातानेही करता येतात. त्यात ‘विंडोड’ आणि ‘फुलस्क्रीन’ या दोन्ही ओळी ‘ट्रू’ केल्या की बॉर्डरलेस मिळतं. दोन्ही ‘ट्रू’ कशा, असा प्रश्न पडतो, पण या रॅपरचा नियमच तसा आहे. ‘मेनटास’ म्हणजे गुणोत्तर राखणे. ‘बॉक्सिंग’ म्हणजे पूर्णांक पटीत मोठं करणे, त्याचा हिशेब पुढे येतोच. गेम चालू असताना ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलं की खिडकी आणि पूर्ण स्क्रीन यांत अदलाबदल होते. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि टॅब.

हे करूनही स्क्रीन काळी राहिली तर आयएनआयमधली ‘रेंडरर’ ही ओळ ‘ऑटो’वरून ‘ओपनजीएल’ करा. नाही जमलं तर ‘डायरेक्ट३डी९’, आणि शेवटी ‘जीडीआय’. जीडीआय सगळ्यात हळू, पण जुन्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवरही चालतं. गेम मधूनच गोठत असेल तर ‘सिंगलसीपीयू’ ही ओळ ‘ट्रू’ आहे ना, ते बघा. त्या काळचे गेम एकाच प्रोसेसर कोअरचा विचार करून लिहिलेले असत.

चित्र ताणलेलं किंवा धूसर: पटीचा हिशेब

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेकांचं समाधान इथेच अडतं. गेम चालतो, रंगही बरोबर असतात, तरी ‘पूर्वीसारखं दिसत नाही’ असं वाटत राहतं.

जुन्या मॉनिटरचं गुणोत्तर ४:३ होतं. ६४०×४८० चा गेम आजच्या १९२०×१०८० च्या स्क्रीनवर पूर्ण पसरला, की आडवा ३ पट आणि उभा फक्त २.२५ पट वाढतो. म्हणजे सगळं काही एक तृतीयांशानं रुंद. गोल ढाल अंडाकृती दिसते, घोडे बुटके दिसतात. गुणोत्तर राखलं तर चित्र १४४०×१०८० होतं आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलचे काळे पट्टे येतात. ते पट्टे चूक नाहीत, ते तसेच असायला हवेत.

पण १४४०×१०८० मध्येही पट २.२५ आहे. मूळचे चार पिक्सेल नऊ पिक्सेलांत बसवायचे, म्हणजे तिघे दोन-दोन जागा घेणार आणि चौथा तीन. बारीक अक्षरांत आणि सरळ रेषांत हा खडबडीतपणा लगेच दिसतो. तो लपवायला मधले पिक्सेल एकमेकांत मिसळले तर चित्र धूसर होतं. यावर स्वच्छ उपाय एकच, पट पूर्णांक ठेवणे. १०८० च्या स्क्रीनवर ६४०×४८० चं दुप्पट १२८०×९६० होतं. वर-खाली ६० आणि बाजूंना ३२० पिक्सेल काळे सुटतात, पण प्रत्येक पिक्सेल लख्ख चौरस राहतो.

२५६०×१४४० चा मॉनिटर असेल तर नशीबवान आहात. तिप्पट केलं की १९२०×१४४०, उंची अगदी काठोकाठ. ४के म्हणजे ३८४०×२१६० वर चौपट, २५६०×१९२०, वर-खाली १२० पिक्सेल सोडून. याउलट अजून कित्येक जुन्या लॅपटॉपवर असलेल्या १३६६×७६८ च्या स्क्रीनवर दुप्पट मावतच नाही. तिथे पूर्णांकाचा हट्ट सोडा आणि १०२४×७६८ घ्या. थोडा धूसरपणा चालवून घ्यावा लागेल. सीएनसी-डीड्रॉमधला बायक्युबिक फिल्टर तिथे साध्या मिसळण्यापेक्षा नक्कीच बरा दिसतो.

८००×६०० च्या गेमचं गणित १०८० वर वाईट आहे. पट १.८ येते, म्हणजे पूर्णांक पटीत १ च. १४४० वर दुप्पट बसते, १६००×१२००. १०२४×७६८ ला दुप्पट व्हायला थेट ४के लागतो. म्हणून गेममध्ये रिझोल्युशन निवडता येत असेल, तर सगळ्यात मोठं ते चांगलं असं समजू नका. तुमच्या मॉनिटरला पूर्णांकात भागेल ते निवडा.

रॅपर न वापरता ग्राफिक्स ड्रायव्हरकडूनही हे करून घेता येतं. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉपचा आकार आणि जागा ठरवण्याचं पान आहे. तिथे ‘अॅस्पेक्ट रेशो’ किंवा ‘इंटिजर स्केलिंग’ निवडा, स्केलिंग ‘जीपीयू’वर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर, होऊ द्या आणि गेमनं ठरवलेला प्रकार डावलण्याच्या चौकोनावर टिक करा. इंटिजर स्केलिंग जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० या मालिकांपासून पुढेच मिळतं. एएमडीच्या अॅड्रेनलिनमध्ये ‘डिस्प्ले’खाली जीपीयू स्केलिंग आणि इंटिजर स्केलिंग अशा वेगळ्या कळा आहेत. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्येही गुणोत्तर राखण्याचा पर्याय सापडतो.

यात दोन गोष्टींनी लोक गोंधळतात. पहिली, ड्रायव्हरचं स्केलिंग तेव्हाच लागू होतं जेव्हा गेम खरोखर मॉनिटरचं रिझोल्युशन बदलतो. रॅपर किंवा बॉर्डरलेस खिडकी डेस्कटॉपच्याच रिझोल्युशनवर चित्र काढते, त्यामुळे ड्रायव्हरला ताणायला काही उरतच नाही. तिथे पट रॅपरमध्येच ठरवायची. दुसरी, दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर एनव्हीडियाच्या पॅनेलमध्ये हे पान बरेचदा दिसतच नाही. लॅपटॉपची स्क्रीन प्रत्यक्षात इंटेल किंवा एएमडीच्या आतल्या चिपला जोडलेली असते. मग स्केलिंगही त्या चिपच्याच सॉफ्टवेअरमध्ये शोधायचं.

मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ अशी पाटी आली तरी औषध हेच. गेम असं रिझोल्युशन किंवा असा रिफ्रेश रेट मागतोय जो मॉनिटरला झेपत नाही. स्केलिंग ‘डिस्प्ले’वरून ‘जीपीयू’वर आणलं, की कार्ड मॉनिटरला त्याच्या नेहमीच्या रिझोल्युशनचाच सिग्नल पाठवतं.

चित्र कोपऱ्यात, माउस भलतीकडे

गेमचं चित्र डावीकडे वर अडकलंय, उजवी-खालची बाजू कापली गेलीय, किंवा बाण बटणावर ठेवला तरी क्लिक दुसरीकडेच लागतोय, अशी लक्षणं असतील तर दोष विंडोजच्या डीपीआय स्केलिंगचा समजा. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून लॅपटॉपवर स्केल बहुधा १२५ किंवा १५० टक्के ठेवलेलं असतं. जुन्या प्रोग्रॅमला ते कळत नाही. म्हणून विंडोज त्याला स्क्रीन लहान असल्याचं सांगतं. १९२०×१०८० च्या स्क्रीनवर १२५ टक्के असेल तर गेमला १५३६×८६४ ऐकू येतं. कुठल्याही जुन्या गेमच्या यादीत हा विचित्र आकडा दिसला की कारण शोधायला दूर जायला नको.

ईएक्सईवर (शॉर्टकटवर नव्हे) राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. खालच्या भागातला ‘ओव्हरराइड’चा चौकोन टिक करा, यादीतून ‘अॅप्लिकेशन’ निवडा, दोनदा ओके. कम्पॅटिबिलिटी टॅबमधली एवढी एक टिक रॅपरसोबतही बिनधास्त ठेवावी.

दोन मॉनिटर असतील आणि बाण दुसऱ्या मॉनिटरवर पळत असेल, तर विंडोजची कळ आणि पी दाबून गेमपुरता एकच मॉनिटर चालू ठेवा. रंग चुकीचे नाहीत पण फिके, धुतल्यासारखे दिसत असतील तर एचडीआर (जास्त उजळ-गडद चित्र दाखवण्याची सोय) बंद करून बघा. विंडोजची कळ, ऑल्ट आणि बी एकत्र दाबलं की ते चालू-बंद होतं.

त्रिमितीय गेम: डीजीवूडू २

डायरेक्ट थ्रीडी किंवा ग्लाइडवरच्या गेमना सीएनसी-डीड्रॉ उपयोगी नाही. तिथे ‘डीजीवूडू २’ हवं. जुन्या डायरेक्टएक्सच्या आणि ग्लाइडच्या आज्ञा ते डायरेक्ट थ्रीडी ११ किंवा १२ मध्ये बदलून आजच्या कार्डाला देतं, आणि गेमसमोर एका काल्पनिक जुन्या कार्डाचं सोंग घेतं.

या सोंगाची गरज का पडते? एक साधं उदाहरण पाहा. काही गेम कार्डाची मेमरी ३२ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात मोजतात. त्यात मावणारा मोठ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७, म्हणजे २ जीबीला एक बाइट कमी. तुमच्या कार्डात ३ जीबी मेमरी असेल तर गेमला तो आकडा ऋण दिसतो, ४ जीबी असेल तर शून्य. मग ‘पुरेशी व्हिडिओ मेमरी नाही’ असं सांगून तो बंद पडतो. डीजीवूडूनं २५६ एमबीचं कार्ड असल्याचं सांगितलं की तक्रार संपते. (इन्स्टॉलरनं रिकामी हार्ड डिस्क असूनही ‘जागा नाही’ म्हटलं तर त्यामागेही याच जातीचा हिशेब असतो.) गायब झालेलं धुकं, पृष्ठभागांवरचे पांढरे पडलेले पोत, २०४८ पिक्सेलपेक्षा रुंद रिझोल्युशन निवडताच होणारा क्रॅश, हे सगळं याच खात्यातलं. विंडोजमधल्या डायरेक्ट थ्रीडीच्या सातव्या आवृत्तीपर्यंतच्या कोडला २०४८ ची मर्यादा आहे, डीजीवूडूला ती नाही.

झिप उघडल्यावर ‘एमएस’ आणि ‘३डीएफएक्स’ अशी दोन फोल्डर दिसतील, आणि त्यांच्या आत ‘एक्स८६’, ‘एक्स६४’ वगैरे. विंडोज ६४ बिटांचं आहे म्हणून लोक एक्स६४ उचलतात आणि काहीच चालत नाही. गेम ३२ बिटांचा आहे, म्हणून ‘एक्स८६’च घ्यायचं.

सुरुवातीला टिपून ठेवलेली डायरेक्टएक्सची आवृत्ती आता कामाला येते. सातपर्यंत असेल तर ‘डीड्रॉ.डीएलएल’ आणि ‘डी३डीआयएमएम.डीएलएल’, आठ असेल तर ‘डी३डी८.डीएलएल’. नीड फॉर स्पीड २ च्या स्पेशल एडिशनसारखा (१९९७) ग्लाइडचा गेम असेल तर ‘३डीएफएक्स’मधल्या ग्लाइडच्या तिन्ही फाइली टाका, गेम त्याला हवी ती उचलतो. सोबत ‘डीजीवूडूसीपीएल’ हा प्रोग्रॅम आणि कॉन्फ फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

आता सीपीएल उघडा. वरच्या बाजूला कॉन्फिग फोल्डर म्हणून गेमचंच फोल्डर दिसतंय याची खात्री करा. नसेल तर शेजारच्या बटणानं ते जोडा, नाहीतर तुमची सेटिंगं भलत्याच जागी साठतील. ‘जनरल’ टॅबमध्ये स्केलिंग मोड गुणोत्तर राखून ताणण्याचा ठेवा. ‘डायरेक्टएक्स’ टॅबमध्ये डीजीवूडूचं स्वतःचं आभासी कार्ड, मेमरी २५६ एमबी, रिझोल्युशन आधी ‘अनफोर्स्ड’. वॉटरमार्कची टिक मात्र पहिल्या खेपेला असू द्या. गेममध्ये कोपऱ्यात डीजीवूडूची खूण दिसली तर रॅपर खरोखर चालू आहे, नसेल तर फाइल चुकीच्या जागी आहे किंवा आवृत्ती चुकली आहे. इतकी सोपी चाचणी हाताशी असताना लोक तासभर रिझोल्युशनशी झटत बसतात. खूण दिसली, गेम चालला, की मग वॉटरमार्क काढा, रिझोल्युशन वाढवा आणि चार पट अँटीअलायझिंग लावून कडा गुळगुळीत करा.

खूण न दिसण्याचं आणखी एक कारण म्हणजे कम्पॅटिबिलिटी मोड. ‘विंडोज ९८’ किंवा ‘एक्सपी’ निवडलं असेल तर विंडोज गेमभोवती स्वतःचे थर चढवतं आणि रॅपर बाजूला पडू शकतो. ती टिक काढा. जो गेम विंडोजची आवृत्ती तपासून ‘हे चालणार नाही’ म्हणतो, त्याच्यासाठीच हा मोड राखून ठेवावा.

लॅपटॉपवर चित्र येतं पण फार अडखळतं, असं असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेनं जा, गेमची ईएक्सई यादीत घाला आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा.

रुंद स्क्रीनवर त्रिमितीय गेम

सपाट गेमला ४:३ मध्येच ठेवा, तो तसाच काढलेला आहे. त्रिमितीय गेमला मात्र रुंद स्क्रीन खरोखर देता येते, फक्त नुसतं १९२०×१०८० निवडून काम होत नाही. काही गेम दृश्य ताणतात, तर काही वरून-खालून कापून रुंद करतात. दृश्यकोन गेममध्ये बदलता येत असेल तर आकडा असा घ्या: ४:३ वर आडवा कोन ९० अंश असेल तर १६:९ वर तो सुमारे १०६ अंश हवा. मग उभं दृश्य मूळचंच राहतं आणि बाजूला जास्त दिसतं.

सायबर कॅफेच्या दिवसांपासून आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेला व्हाइस सिटी घ्या. त्यात नुसतं रुंद रिझोल्युशन निवडलं की रडारचं वर्तुळ आणि अक्षरं ताणलेली राहतात. त्यासाठी ‘वाइडस्क्रीन फिक्सेस पॅक’मधली व्हाइस सिटीची दुरुस्ती आणि ‘सायलेंटपॅच’ या दोन गोष्टी घाला. वाइडस्क्रीन फिक्स एका लोडर डीएलएलमधून चढतो, आणि त्या लोडरचं नाव डीजीवूडूच्या एखाद्या फाइलीसारखंच असू शकतं. एका फोल्डरमध्ये त्या नावाची एकच फाइल राहणार. टक्कर झाली तर लोडरला त्याच्या माहितीपानावर चालत असल्याचं दिलेलं दुसरं नाव द्या. व्हाइस सिटीला डीजीवूडूची गरज सहसा पडतही नाही.

वेगाचं काय? अनेक जुन्या गेममध्ये पळण्याचा, पडण्याचा हिशेब फ्रेमच्या वेगाला बांधलेला आहे. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर असे गेम सैरावैरा धावतात किंवा गाडी उगाच उड्या मारते. गेममध्ये ‘फ्रेम लिमिटर’ असेल तर तो चालूच ठेवा. नसेल तर सीएनसी-डीड्रॉमध्ये ‘मॅक्सगेमटिक्स’ ६० करा, किंवा एनव्हीडियाच्या पॅनेलमध्ये कमाल फ्रेम रेट ६० ठेवा. तेवढ्यानं नाही भागलं तर मॉनिटरच तात्पुरता ६० हर्ट्झवर आणा.

सुरुवातीच्या व्हिडिओलाच काळी स्क्रीन

आवाज येतो, चित्र नाही, आणि एस्केप दाबलं की मेनू दिसतो. हा डिस्प्लेचा दोष नाही. गेमची सुरुवातीची फीत इंडिओसारख्या जुन्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत) असते आणि आजचं विंडोज तो वाजवू देत नाही. एस्केपनं पुढे जाता येत नसेल तर व्हिडिओच्या फोल्डरचं नाव बदलून पाहा. बरेच गेम फीत सापडली नाही की ती सोडून पुढे जातात. जो गेम त्यावर अडून बसतो त्याच्यासाठी नाव पूर्ववत करा.

डॉसचे गेम

डेंजरस डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया आणि त्यांची भावंडं डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसच्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवा. नव्यानं सुरू करत असाल तर ‘डॉसबॉक्स स्टेजिंग’ घ्या. त्यात गुणोत्तराची दुरुस्ती आधीपासून चालू असते. इथला सापळा असा की ३२०×२०० हे रिझोल्युशन १६:१० दिसतं, पण त्या काळी ते ४:३ च्या काचेवर भरायचं. म्हणजे पिक्सेल चौरस नव्हते, रुंदीपेक्षा उंची १.२ पट होती. दुरुस्ती न करता पाहिलं तर राजकुमार बुटका दिसतो. आडवं ५ पट आणि उभं ६ पट केलं की १६००×१२००, तंतोतंत. म्हणून डॉसच्या गेमना १४४० चा मॉनिटर छान बसतो.

जुन्या डॉसबॉक्स ०.७४ च्या कॉन्फ फाइलमध्ये तीन ओळी बदला: ‘आस्पेक्ट’ला ‘ट्रू’, ‘आउटपुट’ला ‘ओपनजीएल’ आणि ‘फुलरिझोल्युशन’ला ‘डेस्कटॉप’. पूर्ण स्क्रीनसाठी ऑल्ट आणि एंटर. गेम फार पळत असेल तर कंट्रोल आणि एफ११, रांगत असेल तर कंट्रोल आणि एफ१२.

लिनक्सवर

वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) ईएक्सईशेजारी डीएलएल ठेवून भागत नाही, कारण वाइन स्वतःची डीड्रॉच पसंत करतं. ‘वाइनसीएफजी’ उघडून ‘लायब्ररीज’ टॅबमध्ये ‘डीड्रॉ’ हे नाव जोडा आणि आधी नेटिव्ह, मग बिल्टइन असा क्रम लावा. त्यानंतर सीएनसी-डीड्रॉ विंडोजसारखाच चालतो.

यातलं काहीही लागू पडलं नाही तर ‘८६बॉक्स’ हा पर्याय उरतो. तो पेंटियमच्या काळातलं अख्खं मशीनच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो, वूडू कार्डासकट. त्यावर विंडोज ९८ टाकायचं आणि गेम त्याच्या स्वतःच्या काळात चालवायचा. चित्र हुबेहूब येतं, पण तुमच्या प्रोसेसरचा एकेक कोअर दमदार हवा. आभासी मशीनमधला आवाज तुटक येऊ लागला तर तिथला पेंटियम एक-दोन पायऱ्या हळू निवडा.